दिवसपाळीचा कप्तान

रावेत
३ सप्टेंबर २०२५

प्रिय कनीज,

सलाम. तू बरी असशील आणि अम्मींचे गुडघे यंदा पावसाळ्यात फार दुखले नसतील, असं धरून चालते. अक्षर ओळखलंस का? कंपनीत माझं अक्षर तू फक्त रिजेक्शनच्या टॅगवर पाहिलंयस. आज पहिल्यांदाच काहीतरी बरं लिहायला घेतलंय.

हे पत्र शालनबाई आणून देतील. त्या आमच्या इमारतीचे जिने आणि पॅसेज पुसतात. राहायला तळवड्यात, तुमच्या मुबीनभाईंच्या गॅरेजमागच्या गल्लीत आहेत, हे बोलता बोलता निघालं. फोन का केला नाहीस असं म्हणशील. माझा फोन सध्या यांच्याकडे असतो. त्याची बॅटरी खराब झाली होती, मग यांच्याकडेच राहिला. लग्नानंतर तुझे फोन यायचे, ते बंद झाले. मी मनात काही धरलेलं नाही. शिफ्ट, ओव्हरटाइम, घर, यातून वेळ कसा मिळतो ते मला ठाऊक आहे.

मी मजेत आहे. घर नवव्या मजल्यावर आहे. बाल्कनीतून एक्स्प्रेसवेवरच्या गाड्या दिसतात, आवाज येत नाही. हे चाकणला प्लॅनिंगमध्येच आहेत. घरात मिक्सर, फ्रिज, वॉशिंग मशीन सगळं आहे. गणपती यंदा आणला नाही, कारण मग पाच दिवस लोक येत-जात राहतात आणि यांना ते जमत नाही.

आता हसशील अशी एक बातमी. मी सध्या अंतराळात मालवाहतूक करते.

थट्टा नाही. कॉम्प्युटरवरचा खेळ आहे. प्रत्येकाला एक जहाज असतं, आकाशात फिरणारं. एका ठिकाणी माल घ्यायचा, दुसरीकडे जाऊन विकायचा. देशभरातले लोक एकाच वेळी त्यात असतात. यांचा एक मोठा गट आहे, पन्नासेक जणांचा, आणि सगळे यांना ‘कप्तान’ म्हणतात. कंपनीत यांचा मॅनेजर चारचौघांत काय वाट्टेल ते बोलतो. तिथून आले की चेहरा उतरलेला असतो. मग त्या खुर्चीत बसून कानावर हेडफोन चढवला की माणूस दुसराच होतो. लग्नाच्या नव्या नवलाईत मला ते बघायला बरं वाटायचं.

त्या गटाचं एक मोठं केंद्र बांधायचं चाललंय, त्याला सतत माल लागतो. हे दिवसभर कामावर. एक दिवस म्हणाले, “राणी, तू घरी बसूनच असतेस. दिवसा माझं जहाज तू चालव.” मी म्हटलं, मला साधी स्कूटी वळवता येत नाही. म्हणाले, शिकशील.

कनीज, काय सांगू तुला ते शिकणं. पडद्यावर इतक्या रेघा आणि आकडे, की पहिल्या दिवशी मला आपला नवा हार्नेस बोर्ड आठवला. शंभर वायरी आणि कुठली कुठे जाते काही कळत नाही, तसं. जहाज निघायचं ठीक, पण थांबवायचं कसं? आकाशात ब्रेक नाही. समोरचं केंद्र गोल गोल फिरत असतं, त्याच्या चिंचोळ्या तोंडातून आत शिरायचं, आणि शिरण्याआधी परवानगी मागायची. परवानगी न मागता शिरलं की तेच लोक तोफा डागतात. मी परवानगी मागायला विसरायची, किंवा मागून झाल्यावर भीतीनं बाहेरच थांबायची. मग तिची मुदत संपायची. आणि शिरलेच, तर वेगात शिरून भिंतीवर आपटायची. किती जहाजं फोडली असतील, विचारू नकोस. विमा असतो, म्हणून निभावलं.

व्यापार मात्र मला लवकर कळला. पहिली चूक केली ती अशी, की एका बर्फाळ ग्रहावर पाणी भरून नेलं. तिथे खाणीतून पाणीच काढतात! कुणी हुंगलंसुद्धा नाही. पिकतं तिथं विकत नाही, हे आमच्या आबांनी मला लहानपणी चाकणच्या कांदाबाजारात दाखवलं होतं. आबा गोणी भरायच्या आधी चार ठिकाणी भाव विचारत फिरायचे. मीही तसंच केलं. गटातले सगळे एकाच बाजारात माल ओततात आणि भाव पाडतात. मी आडबाजूची केंद्रं शोधली. कडेला, जिथे कुणी जात नाही, तिथे औषधांना आणि यंत्राच्या सुट्या भागांना भलताच भाव. हे संध्याकाळी येऊन हिशेब बघायचे आणि म्हणायचे, “जमतंय की.” माझं कौतुक या घरात तेवढंच होतं, म्हणून मी आणखी लांब जायची.

एकदा इंधन संपलं. दोन ताऱ्यांच्या मधोमध, आजूबाजूला काळोख, आणि जहाज नुसतं तरंगतंय. मला वाटलं आता हे काय म्हणतील. घाबरून लिहायच्या चौकटीत ‘मदत’ एवढं टाइप केलं. थोड्या वेळानं बंटी नावाचा गटातला कुणी मुलगा इंधन घेऊन आला. कुठला आहे माहीत नाही. त्याला वाटलं कप्तानच अडकलाय. खूप हसला. हे घरी आल्यावर हसले नाहीत. म्हणाले, “त्या चौकटीत पुन्हा एक अक्षर लिहायचं नाही. लोक मला ओळखतात.”

यांच्या मोबाइलवर जहाज दिसतं. कुठे आहे, हलतंय की थांबलंय. त्यामुळे मी पोळ्याभाजी सकाळीच उरकून घेते. मध्ये उठले तर लगेच लॅपटॉपवर मेसेज येतो, ‘जहाज का थांबलं?’ कामाची शिस्त आहे, एवढंच.

हे कधी हात उगारत नाहीत, आवाजही चढवत नाहीत. कुणी विचारलं तर तसं सांग.

उत्तर लिहिलंस तर शालनबाईंकडेच दे. गेटवर देऊ नकोस, आणि वर नाव घालू नकोस. विशेष काही कारण नाही.

अम्मींना माझा नमस्कार.

तुझी,
वर्षाराणी

---

रावेत
२२ सप्टेंबर २०२५

कनीज,

तुझं पत्र शालनबाईंनी काल दिलं. मी ते मोरीत जाऊन वाचलं.

तुझ्या पत्रात जे आहे, ते आधी घेते. ‘मला जुन्या ओळखी ठेवायच्या नाहीत, आमच्या घरी तुझ्यासारख्यांचं येणंजाणं चालत नाही.’ हा मेसेज तुला फेब्रुवारीत माझ्या फोनवरून आला. तो मी लिहिलेला नाही. माझ्याकडे तेव्हा फोनच नव्हता. तरी तू ईदला शीरखुर्म्याचा डबा घेऊन रावेतला आलीस, गेटवर उभी राहिलीस, आणि वॉचमननं तुला सांगितलं की मॅडमना भेटायचं नाही. मला कुणी विचारलं नाही, कनीज. गेटवरची विचारणा दादासाहेबांच्या, म्हणजे यांच्या मोबाइलवर जाते. तू खाली होतीस तेव्हा मी वर खुर्चीत बसून धान्य वाहत होते.

तू इतके महिने माझ्याबद्दल काय समजून होतीस, ते आता कळतंय. आणि तरी तू माझ्या पत्राला उत्तर लिहिलंस.

आता मागच्या पत्रात जे लिहिलं नाही ते.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर एकदा मी कोथिंबीर आणायला खाली गेले होते. फोन तेव्हा माझ्याकडे होता. जहाज एका ग्रहाजवळ उभं केलं, म्हटलं आत्ता येते. खाली भाजीवालीशी दोन गोष्टी बोलले. बरेच दिवसांनी कुणाशी बोलत होते, वेळ लागला. वर आले तर चाच्यांनी जहाज लुटलं होतं. गटाचा माल होता, केंद्राच्या बांधकामाचा.

दादासाहेब आले, पडद्याकडे पाहिलं, बूटही काढले नाहीत. मला म्हणाले, “माझी किंमत काय केलीस तू आज?” बस, एवढंच. त्यानंतर ते माझ्याशी बोललेच नाहीत. मी ताट वाढायचे, ते उठून बाहेर जेवून यायचे. मी समोर उभी राहिले तरी नजर माझ्या आरपार जायची. असं किती दिवस चाललं ते सांगत नाही. शेवटी मी हात जोडले. तेव्हा त्यांनी मला खुर्चीत बसवून गटाला माफीनामा लिहायला लावला. तोही स्वतःच्या नावानं नाही. ‘माझ्या घरात एक मानसिक रुग्ण आहे, तिच्यामुळे नुकसान झालं,’ असं त्यांनी तोंडी सांगितलं आणि मी टाइप केलं.

नंतर तेच त्यांनी आईला सांगितलं. वर्षाचं डोकं ठिकाणावर नसतं, कुठेही निघून जाते, म्हणून फोन मी ठेवतो, तुम्ही काळजी करू नका. आई घाबरली. तिनं उलट त्यांचे आभार मानले. आता आठवड्यातून एकदा स्पीकरवर बोलणं होतं, ते शेजारी बसलेले असतात, आणि आई मला विचारते, “गोळ्या घेती का गं?” मी हो म्हणते. गोळ्या कसल्याच नाहीत.

आणि मग कुलूप आलं. आमच्या दाराबाहेर लोखंडी जाळीचं दार आहे, कामावर जाताना त्याच्या कडीला बाहेरून कुलूप लावतात. म्हणतात, तुझ्याच सुरक्षिततेसाठी. लाकडी दार मी उघडू शकते. शालनबाईंना पत्र दिलं ते जाळीतून.

तू लिहिलंयस, ‘मी येते, तू फक्त दिवस सांग.’ हे वाक्य वाचून मी मोरीत खाली बसले.

मंगळवार, ३० तारीख. गुरुवारी ते सुट्टीवर असतात, आणि त्याच गुरुवारी दसराही आहे. मंगळवारी त्यांची पहिली पाळी आहे आणि ऑडिट असल्यामुळे मध्येच निघता येणार नाही. तुला रजा टाकावी लागेल. मुबीनभाईंना कटर घेऊन यायला सांग. गेटवर माझं नाव घेऊ नका. शालनबाई म्हणाल्या, तुम्ही त्यांच्या ओळखीची माणसं आहात असं त्या वॉचमनला सांगतील आणि मागच्या जिन्यानं वर आणतील.

जहाजाचीही व्यवस्था केली आहे. मी लांबच्या लांब मार्ग लावणार आहे, जिथे जायला दुपार होईल. जहाज आपोआप पुढे जात राहील, त्यांना मोबाइलवर हलताना दिसेल, आणि तोवर आपण निघालेलो असू.

एक गंमत सांगते, हिचा कशाशी संबंध नाही. त्या बंटीनं परवा गटात लिहिलं, ‘कप्तान, दिवसा तुझा हात फार हलका असतो. संध्याकाळी जहाज धक्के खात चालतं.’ दादासाहेबांनी ते वाचलं की नाही माहीत नाही. मी दिवसभर त्या ओळीकडे पुन्हा पुन्हा बघत होते.

पोलिसांत आधी जायचं का, असं तू विचारलंयस. जाऊन काय सांगू, मला खेळ खेळायला लावतात? आधी मला इथून काढ. मग तू म्हणशील तिथे येईन.

वाट पाहते.

वर्षा

---

आंबेठाण
१२ ऑक्टोबर २०२५

कनीज,

तू त्या दिवशी मला आईकडे सोडलंस, चहाही न घेता निघालीस. रिक्षात निगडीपासून तळवड्यापर्यंत आणि तिथून पुढे चाकणपर्यंत तू माझा हात धरून होतीस, पण एक शब्द बोलली नाहीस. मी का बोलत नाही असं तुला वाटलं असेल. तू का बोलत नाहीस ते मला माहीत होतं.

जाळीला कुलूप नव्हतं.

तुम्ही वर आलात तेव्हाचं तुझ्या बाजूचं तुला माहीत आहे. मी लाकडी दार उघडलं, समोर तू. मुबीनभाई पिशवीतून कटर काढत होते, ते वाकून कडीकडे बघत म्हणाले, “आपा, कुलूप कुठंय? नुसती कडीच आहे ही.” तू माझ्याकडे पाहिलंस. मग तूच हात पुढे करून कडी सरकवलीस आणि जाळीचं दार पूर्ण उघडलंस. मी तिथेच उभी राहिले.

आता माझ्या बाजूचं लिहिते.

कुलूप होतं, हे खरं आहे. पण संक्रांतीच्या सुमारास एक दिवस तो ते लावायला विसरला. मला सकाळीच दिसलं. कडी आतूनही सरकते, जाळीतून बोटं घातली की पोचतात. मी दिवसभर मधूनमधून येऊन त्या कडीकडे बघत होते आणि परत जाऊन खुर्चीत बसत होते. जहाज थांबू दिलं नाही. संध्याकाळी तो आला. त्यानं कडी पाहिली, मला पाहिलं. चहा मागितला. दुसऱ्या दिवसापासून त्यानं कुलूप लावलंच नाही. ते कपाटात ठेवून दिलं, माझ्या साड्यांच्या कप्प्यात.

तुला पत्रात हे कसं लिहू? ‘मला सोडव, दार उघडं आहे,’ असं कुणी लिहितं का? मी जुनं कुलूप तुला आजचं म्हणून सांगितलं. कटर आणायला सांगितलं. कारण कटरनं तोडावं असं काहीतरी तिथे असायला हवं होतं. शालनबाईंना माहीत होतं, त्या रोज तो पॅसेज पुसतात. पण त्यांनी मला कधी विचारलं नाही, आणि तुलाही सांगितलं नाही.

तू मला उंबऱ्याबाहेर ये म्हणालीस. मी हो म्हटलं. पाय उचलला नाही. मुबीनभाई म्हणाले, “हाताला धरून आणा ना, आपा.” तू म्हणालीस, “नको. तिला येऊ दे.” मग तू पॅसेजमध्ये फरशीवर मांडी घालून बसलीस, जशी कँटीनच्या मागे बसायचीस, आणि बोलायला लागलीस. करिष्मा आता लाइन लीडर झाली आणि सगळ्यांना वेळेवरून बोलते. नवीन सुपरवायझरला जांभळी आणि गुलाबी वायर सारखीच दिसते, म्हणून मुली त्याला मुद्दाम विचारतात, सर ही कुठली? कँटीनमध्ये उसळ पहिल्यासारखीच पातळ असते. तू माझ्याकडे बघतही नव्हतीस, नुसती बोलत होतीस. मुबीनभाई घड्याळ बघत जिन्यात उभे होते.

आणि मग आतून आवाज आला. जहाज शेवटच्या केंद्राशी पोचलं होतं, शिरायची परवानगी घ्यायची होती. तू बोलता बोलता थांबलीस. मी म्हटलं, “एक मिनिट,” आणि आत गेले.

ते तुला कसं दिसलं असेल याचा मी रोज विचार करते. तू रजा टाकून, भावाला घेऊन, गेटवरच्या माणसाशी खोटं बोलून आलेली, उघड्या दारात फरशीवर बसलेली. आणि मी आत जाऊन जहाज लावतेय. हात बंटी म्हणाला तसे हलके चालत होते. माल सुखरूप उतरला. तेवढं झाल्यावर मी खुर्ची आत सरकवली, पडदा बंद केला, आणि बाहेर आले. तुझ्याकडे न बघता उंबरा ओलांडला. जिन्यावर चपलांशिवाय होते, ते दुसऱ्या मजल्यावर माझ्या लक्षात आलं.

तुला वाटलं असेल, हिला खरंच डोक्याचं काही आहे. तसं वाटलं असेल तर मी तुला दोष देणार नाही. आईलाही तसंच वाटत होतं. आल्या दिवसापासून ती माझ्याकडे चोरून बघायची. मी भाकरी थापताना थांबले तरी विचारायची, “काय व्हतंय का गं?” शेजारची सोजरबाई येऊन म्हणाली, नवऱ्यानं एवढं संभाळलं, असा माणूस मिळत न्हाई. आई मान हलवायची.

गेल्या गुरुवारी तो आला.

गाडीतून माझे कपडे आणि फोन घेऊन आला. आईच्या पाया पडला. अंगणात खाटेवर बसला, चहा घेतला. इतका नीट बोलत होता की मलाच वाटलं, मी सगळं मनानंच रचलं की काय. म्हणाला, “आई, मी काही राग धरलेला नाही. तिनं कधीही यावं. आमचं दार उघडंच असतं. मी तर कुलूपसुद्धा लावत नाही.”

आईनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, संपलं आता. मी म्हटलं, “खरं आहे ते. उघडंच असायचं. तरी मला बाहेर येता येत नव्हतं.” त्यानं आईकडे बघून हळूच मान हलवली. बघा, असं.

आई पदरानं आपला कप पुसत बसली. तो खाटेवर चुळबुळ करायला लागला. शेवटी आवाज बारीक करून मला म्हणाला, “राणी, तो कडेचा मार्ग तू कसा लावला होतास? ती औषधं कुठून उचलायचीस? गटाचं सगळं अडलंय. बंटी आणि ते लोक मला काय काय बोलतायत.”

मी सांगितलं. लपवून ठेवण्यासारखं त्यात काय होतं? आधी तांबड्या ताऱ्याजवळच्या केंद्रात औषधं घ्यायची, मोठा बाजार टाळून वरच्या अंगानं जायचं, वाटेत दोनदा इंधन, मग खाणवाल्यांकडे विकायची आणि परतताना त्यांचे धातू भरायचे. तो मोबाइलवर भराभर टिपून घेत होता. “आणि परवानगी किती आधी मागायची? वेग किती ठेवायचा?” मी सांगत होते. त्याचा चेहरा उजळला. आल्यापासून पहिल्यांदा तो माझ्याकडे बघून बोलत होता, आणि मला, कनीज, खरं सांगते, बरं वाटलं. तेवढ्यात आईचा आवाज आला.

“जावईबापू, ही बायकू न्यायला आलाय का रस्ता इचारायला?”

तो हसला. म्हणाला, “तसं नाही आई, हा एक कामाचा विषय आहे.”

आई म्हणाली, “इतका येळ बगतीया मी. माजी लेक येडी हाय म्हून तुमी सांगितलं, मी येडी म्हून तिला येडी म्हनली. पर येडं मानूस असं सांगतं व्हय? आन तुमी लिवून घेताय.” मग उठून तिनं त्याच्यापुढचा कप उचलला. चहा अजून थोडा होता. “च्या झाला न्हवं? निघा आता. गुरवारचं चाकणात लई ट्रॅफिक असतंय.”

तो उठला. गाडीजवळ जाऊन थोडा वेळ उभा राहिला, बहुतेक मी येईन असं वाटून. मी खाटेवरचे कपडे घडी करत होते. गाडी सुरू झाल्याचं ऐकलं. आईनं रात्री जेवताना माझ्या ताटात दुसऱ्यांदा भात वाढला आणि “गोळ्या” हा शब्द त्या दिवसापासून तिच्या तोंडून आलेला नाही.

आता मी बरी आहे असं तुला लिहावं, असं वाटतं. लिहीत नाही. इथलं दार तर दिवसभर सताड उघडं असतं, कोंबड्या येतात-जातात. तरी मी अंगणाच्या पुढे फारशी जात नाही. रस्त्यापर्यंत गेले तर मागे काहीतरी थांबलंय, कुणीतरी विचारणार, असं वाटून परत फिरते. फोन मिळाला आहे, पण तो वाजला की दचकते, म्हणून बंद करून डब्यात ठेवलाय. तुला पत्रच लिहिते आहे ते म्हणून. शेजारचा पोरगा चाकणला कामाला येतो, तो तुला कंपनीच्या गेटवर देईल.

आणि एक लाजिरवाणी गोष्ट. मला त्या जहाजाची आठवण येते. ते फोडायला कितीदा फोडलं, पण शेवटी चांगलं चालवत होते मी. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगता येणार नाही.

मुबीनभाईंना सांग, त्यांचा दिवस मी वाया घालवला नाही. कटर लागलं नाही, पण ते आले नसते तर मी आजही तिथेच असते. तुझ्याशी खोटं बोलले, त्याबद्दल तू मला बोल. इथे येऊन, समोर बसून बोल. रिक्षातल्यासारखी गप्प राहू नकोस. गप्प राहणं मी फार सोसलंय.

करिष्माकडे मी निरोप पाठवला होता. ती म्हणाली, दिवाळीनंतर लाइनवर मुली लागणार आहेत, माझं नाव एचआरला देते. पहिल्या दिवशी आठ वाजता गेटवर यायचं आहे. तू मला घ्यायला आंबेठाणला येशील, हे मला माहीत आहे. येऊ नकोस. मी फाट्यापर्यंत चालत येईन, तिथून बस धरेन.

आठ वाजले आणि मी दिसले नाही, तर मात्र ये.

तुझी,
वर्षा